वज्रसेनानं दार उघडलं

धामणगाव बढ्याला गणपतीत नाटक होतं, हे आजूबाजूच्या गावांना पाठ होतं. पण महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्या साली शेषराव मास्तरांनी जे रचलं ते एका बैठकीत संपणारं नव्हतं. ओळीनं पाच संध्याकाळी, रोज थोडं थोडं. पडदा पाडायचा तोही अशा जागी, की माणसानं घरी जाऊन भाकरीचा घास हातात धरून तेच बोलत बसावं. शिवाय मास्तरांनी एकाची तालीम दुसऱ्याला दिसू दिली नाही. प्रत्येकाला वेगळं बोलावलं, त्याची वाक्यं तोंडी घोटून घेतली आणि मारुतीच्या पायावर हात ठेवायला लावून शपथ घेतली, की पुढचं कुणाला सांगणार नाही. घरीसुद्धा नाही.

भाद्रपदात पावसाचा भरवसा नसतो, म्हणून नाटक कापसाच्या जिनाच्या शेडमध्ये. कापूस यायला अजून अवकाश होता आणि शेड रिकामी होती. गेल्या हंगामातली रुई भिंतींच्या फटींतून, तुळयांवरून अजून लोंबत होती. गॅसबत्त्या पेटल्या की ती धुक्यासारखी दिसे. मास्तरांना गडाभोवतीचं धुकं तिथेच सुचलं असावं.

गावाची एक रीत होती. विसर्जनाच्या सकाळी सगळे नट पुन्हा रंग लावून, पोशाख चढवून दोन ओळींत उभे राहत. उजव्या ओळीत भली सोंगं, डाव्या ओळीत वाईट. उजवीकडच्यांना त्यांच्या घरच्या बाया ताट घेऊन ओवाळत. डावीकडच्यांच्या तोंडावर मंडळाचा माणूस तांब्याभर पाणी ओते, पोरं "सोंग धुतलं, सोंग धुतलं" म्हणून गिल्ला करत, आणि राक्षस झालेला माणूस खिदळत पुन्हा गावचा होई. हे झाल्याशिवाय गणपती जागचा हलत नसे. यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे. फक्त डावीकडच्यांच्या घरच्या बाया त्या दिवशी मंचावर चढत नसत.

मंजुळाबाई मात्र लग्न होऊन आल्यापासून दरसाल चढली होती. तिचा नवरा कडूबा माळ्याचा, वांगी-मिरचीचा मळा करणारा. पण मोट हाकताना तो गायला लागला की वाटेनं जाणारा गाडीवान बैल थांबवी, असा त्याचा आवाज. तो कधी राजा झाला, कधी ऋषी, कधी राजाचा सच्चा भाऊ. ओळ कायम उजवी. मंजुळाबाईचं पितळी ताट माहेरचं होतं. गणपती बसला की ती ते चिंचेनं आणि राखेनं घासायला काढी आणि ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं उन्हात उभं करून ठेवी.

त्या साली राजाची गादी गेली हिंमतराव पाटलांकडे. कडूबाला मिळाला सेनापती वज्रसेन. हिंमतरावांची बायको अंबूबाई विहिरीवर सहज बोलावं तशी बोलली.

"काय वं मंजुळा, यंदा गादी आमच्या घरी आली. तुह्या मालकाले भाला देऊन दारात उभं केलं म्हन्ते."

"भालाच हाय, पाटलीनबाई," मंजुळाबाई घागर कमरेला घेत म्हणाली. "गादीवर कोनीबी बसते. गड कोन राखते थे पाह्यजा."

बाया हसल्या. मंजुळाबाई मान ताठ ठेवून गेली. विहिरीच्याच मोटेवर उभा असलेला कडूबा ऐकत होता. त्यानं बैलांना हाकारलं.

पहिल्या संध्याकाळी तिचंच खरं झालं. कांचनगडाभोवती धुक्याची राणी वेढा घालून बसलेली. धुकं ज्याला लागेल तो दगड. गडात एक दिवा, तो जळतो तोवर धुकं आत येत नाही. आणि गडाचं दार असं मंतरलेलं, की ज्यानं जन्मात कधी वचन मोडलं नाही त्याच्याच हातानं उघडावं. असा माणूस सगळ्या राज्यात एकच, वज्रसेन. मरणाऱ्या म्हाताऱ्या राजाच्या छातीवर हात ठेवून त्यानं शब्द दिला, "हे दार माझ्या हातून उघडणार नाही." कडूबाच्या त्या आवाजानं शेडचे पत्रे थरथरले. मंजुळाबाईनं आजूबाजूच्या बायांकडे पाहिलंही नाही. पाहण्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी दिवा मंदावला. त्याला तेल लागत नसे, आवाज लागे. लहान लेकराचा आवाज. नव्या राजानं, म्हणजे हिंमतरावांनी, सुताराच्या लहानग्या पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि असं काही गाणं म्हटलं की बायांनी पदर डोळ्यांना लावले. गाणं संपलं तेव्हा दिवा लखलखला होता आणि पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. राजा ढसढसा रडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंजुळाबाईनंही वाजवल्या, राजा चांगला रडला होता, आणि चांगल्याला चांगलं म्हणायला ती कधी कचरत नसे.

तिसऱ्या संध्याकाळी आणखी लेकरं मुकी झाली. धुक्याची राणी दाराबाहेरून बोलली, "वज्रसेना, दार उघड. लेकरांना, शिपायांना मी हात लावणार नाही. मला फक्त तो दिवा हवा." लोक हसले. मागून कुणी ओरडलं, "चुकीच्या घरी आली वं बाई!" वज्रसेन तटावर उभा होता. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पडदा पडला.

चौथ्या संध्याकाळी वडनेर भोलजीपासून गाड्या आल्या होत्या. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. राजा पुढच्या लेकराला मांडीवर घेऊन तेच गोड गाणं म्हणत होता. वज्रसेन दारापाशी गेला. दार म्हणजे दोन बैलगाड्यांच्या फळ्या जोडून उभ्या केलेल्या. त्यानं अडसरावर हात ठेवला. लोकांना वाटलं, घट्ट आहे का पाहतोय. त्यानं अडसर काढला, बाजूला हळूच टेकवून ठेवला, आणि दोन्ही हातांनी दार लोटलं.

मागे लपलेल्या पोरांनी सुपांनी रुई उडवली. ती गॅसबत्तीच्या उजेडात पांढरी होऊन आत शिरली, राजाच्या गादीवर, शिपायांवर, पहिल्या रांगेतल्या माणसांच्या पागोट्यांवर बसली. हिंमतरावांचा हात लेकराच्या डोक्यापासून वर उचललेला होता, तो तसाच राहिला. डोळे उघडे, तोंड उघडं. त्यांनी पापणीही हलवली नाही. शिपाई एकेक करून जागच्या जागी थिजले. धुक्यानं वगळलं ते फक्त लेकरांना आणि दार उघडणाऱ्याला.

मग कुणीतरी ओरडलं, "अबे कडूबा! काय केलं बे हे?" वज्रसेना म्हणून नाही, कडूबा म्हणून. एक जोडा येऊन मंचावर पडला. पडदा पडला तरी लोक उठेनात. मंजुळाबाईच्या केसांत रुई अडकली होती. ती काढायला तिचा हात वर गेला आणि तिला कळलं, सगळ्या बाया तिच्याकडे पाहताहेत. ती कुणाकडे न बघता उठली आणि घरी आली.

कडूबा आला तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. तो तोंडाला फासलेला मुर्दाडशिंगाचा रंग खोबरेलानं पुसत बसला.

"मले तरी सांगाचं होतं," ती म्हणाली.

"शपथ होती."

"बायकोले सांगतलं तं मोडते का शपथ?"

"घरी बी नाही, असं म्हनलो होतो मारुतीसमोर."

"आन् मी विहिरीवर गावभर सांगून राह्यली, का माहा मालक गड राखते! तुमी मोटेवर उभं राहून ऐकत होते."

"हाव."

"मंग?"

"मंग काय. तुले गप बस म्हनलं असतं तं तुले तवाच समजलं असतं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं. तिनं भाकरी तव्यावर जरा जोरानंच टाकली. "तिकडं शब्द मोडला आन् इकडं पाळला. उलटं केलं असतं तं काय बिघडत होतं?"

कडूबाला हसू फुटलं. "थांब, हे मास्तरले सांगतो. लय चांगलं वाक्य हाय."

ती हसली नाही. जेवणं झाल्यावर तिनं घासलेलं ताट उचललं आणि ज्वारीच्या कणगीमागं टाकून दिलं, आवाज होईल असं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर अंबूबाई तिची वाटच पाहत होती. "बायांनो, कडूबा भाजी घेऊन आला तं आपली कडी आपनच उघडा वं. त्याच्या हाती देऊ नका!" सगळ्यांत मोठ्यानं हसली ती मंजुळाबाईची रोजची मैत्रीण. ज्या बाईनं इतक्या वर्षांत विहिरीवर कधी शेवटचा शब्द दुसऱ्याला सोडला नव्हता, ती मंजुळाबाई घागर भरून निमूट निघाली. ते पाहून उलट बायांनाच कसंसं झालं.

दुपारी मंडळाचे नारायणराव पारावर बोलले, ते गावभर झालं: वज्रसेन डाव्या ओळीत. धन्याला दगा देणारा माणूस उजवीकडे उभा केला तर पोरांनी शिकायचं काय? काही माणसं हो म्हणाली. काहींनी विचारलं, मग लेकरांचे आवाज घेणारा राजा उजवीकडे कसा? बोलाचाली वाढली तशी सगळे मास्तरांकडे गेले.

"मास्तर, तुमीच सांगा," नारायणराव म्हणाले. "तुमचा वज्रसेन भला का वाईट?"

"मी रचलं, नारायणराव. तोलायचं काम माझं नाही."

"मंग कोनाचं?"

"ज्यांनी पाहिलं त्यांचं."

"म्हंजे आमच्याच डोक्याले ताप," असं म्हणून नारायणरावांनी पागोटं काढून पुन्हा घातलं. निकाल होता तोच राहिला.

मंजुळाबाईला हे कळलं तेव्हा तिनं ठरवलं, आज जायचंच नाही. उद्याही नाही. दरसाल सगळ्यांत पुढे ताट घेऊन चढणारी बाई उद्या खाली गर्दीत उभी राहणार, आणि अंबूबाई वरून पाहणार, यापेक्षा घरात कडी लावून बसलेलं बरं. तिनं स्वयंपाक उरकला. ढोलकी वाजू लागली. ती निवडायला मूग घेऊन बसली. थोड्या वेळानं तिला दिसलं की निवडलेले आणि न निवडलेले तिनं एकत्र केलेत. तिनं सूप ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि शेडच्या मागच्या दारापाशी, कापसाच्या गाड्या जिथं तोलतात, तिथं अंधारात जाऊन उभी राहिली.

मंचावर गडाचं दार उघडंच होतं. पांढरी धोतरं पांघरून शिपाई दगडासारखे उभे. राणीनं दिवा उचलला आणि विझवला. मग एक लेकरू बोललं. पहिलं वाक्य सुताराच्या पोरीचं होतं, "आई, भूक लागली." सगळी शेड हसली. मग दुसरं बोललं, तिसरं बोललं, आणि हसू कुठंतरी थांबलं. बायांच्या रांगेतून नाकं ओढल्याचा आवाज येऊ लागला.

"शिपायांना हात लावणार नाही म्हणाली होतीस," वज्रसेन राणीला म्हणाला. "तू वचन मोडलंस."

"ते मी तुझ्याकडूनच शिकले," राणी म्हणाली आणि निघून गेली.

वज्रसेन एकेका दगडापाशी गेला. प्रत्येकाचं नाव घेतलं, गाव घेतलं. आवाज वाढवला नाही. ज्या गळ्यानं पत्रे थरथरवले होते तो गळा आता इतका खाली होता की मागच्या दारापाशी मंजुळाबाईला श्वास रोखून ऐकावं लागलं. शेवटी तो गादीपाशी आला. हिंमतराव तसेच बसले होते, वर उचललेल्या हातासकट.

"राजन," वज्रसेन म्हणाला, "तुझ्या गाण्यावर मीही डोललो. पहिल्या लेकराच्या वेळी मीही टाळी वाजवली. तेव्हाच दार उघडलं असतं, तर तू निदान एवढा तरी दगड झाला नसतास."

मंजुळाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी तेही वाजले होते. नुसते वाजले नव्हते, शेजारणीला कोपरानं ढोसून "काय रडते वं पाटील!" असंही ती म्हणाली होती. सुताराची पोर तेव्हा समोरच उभी होती, तोंड उघडून, आवाज न काढता. सगळ्यांनी पाहिलं होतं. दिसलं एकालाच. त्याला दिसलं म्हणून त्यानं दार उघडलं, आणि उघडल्यावर जे झालं तेही त्याचंच. तो त्यातलं काही झटकत नव्हता. उघड्या दाराच्या उंबऱ्यावर तो बसला, आतही नाही, बाहेरही नाही, आणि पडदा पडला.

कुणी टाळी वाजवली नाही. लोक बसूनच राहिले. मंजुळाबाईनं आजवर त्याची किती सोंगं पाहिली होती. राजा पाहिला, ऋषी पाहिला. असं हे पहिलंच. टाळ्या न घेता साऱ्या गावाला जागी बसवून ठेवणारा हा माणूस आपल्या चुलीपुढे भाकरी खातो, या विचारानं तिची मान आपोआप वर झाली. अंधारात तिला पाहायला कुणी नव्हतं, तरी झाली.

विसर्जनाच्या सकाळी ती उठली, कणगीमागून ताट काढलं, पुन्हा घासलं. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. निरांजन, कुंकू, सुपारी ठेवली, वरून पदर ओढला आणि शेडवर गेली. उजव्या ओळीत हिंमतराव आणि बाकीची भली सोंगं उभी होती. डाव्या ओळीत धुक्याची राणी झालेला न्हावी आणि तिचे दूत. कडूबा मधोमध, फळ्यांच्या त्या दारात उभा.

"कडूबा, डावीकडं सरक," नारायणराव म्हणाले.

"नाही जी."

"मंग उजवीकडं जाशीन?"

"तिकडं कसा जाऊ जी? निम्मी फौज माह्यानं दगड झाली ना."

लोक हसले. नारायणराव वैतागले. "अबे मंग गनपती उचलाचा का नाही आमी? तुह्यासाठी तिसरी ओळ काढू का?"

कडूबा जागचा हलला नाही. बाहेर गाडी सजून उभी, लेझीमवाले ताटकळलेले, आणि आभाळ भरून आलेलं. डाव्या ओळीसाठी तांब्या घेऊन उभा असलेला मंडळाचा माणूस कधी नारायणरावांकडे पाही, कधी कडूबाकडे. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मंजुळाबाई पायरीपाशी आली आणि तिनं त्याच्या हातातला तांब्या घेतला.

"वयनी," तो गोंधळून म्हणाला, "डावीकडच्या बाया नाही चढत वर."

"थे डावीकडं उभे हायेत का?"

त्यानं पाहिलं. नव्हते. तो बाजूला झाला.

ती चढली. एका हातात ताट, एका हातात तांब्या. पोरं ओरडायला तोंड उघडून बसली होती, पण काय ओरडावं ते त्यांना कळेना. तिनं ताट खाली ठेवलं आणि तांब्यातलं पाणी नवऱ्याच्या तोंडावर ओतलं. थोडंथोडकं नाही, सगळं.

"हे फौजेचं," ती म्हणाली. तिच्या आवाजालाही विहिरीवरची सवय होती. मागच्या दारापर्यंत गेला. मग तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. काजळाच्या मिशा पदरावर आल्या. तिनं ताट उचललं.

निरांजनावर पाणी उडून वात विझली होती. तिच्या उजव्या बाजूला कुणीतरी आलं. अंबूबाई होती, आपलं पेटतं निरांजन घेऊन.

"घे वं," अंबूबाई म्हणाली. "आमचा राजा गेला दगड होऊन. त्याच्या दिव्याचं एवढंच काम उरलं."

दोघींनी वातीला वात लावली. "हे लेकराइचं," असं म्हणून मंजुळाबाईनं कडूबाला ओवाळलं, आणि कपाळाला कुंकू लावायला पुढे झाली तेव्हा फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलली, "आन् मले सांगतलं नाही, त्याचं घरी पाहू."

वज्रसेन गडावर कधी हसला नव्हता. दारात उभं राहून ओल्या तोंडानं हसला तो कडूबा. मग पोरांपैकी कुणीतरी "सोंग धुतलं!" ओरडलंच, आणि बाहेर लेझीम सुरू झाली. नारायणरावांनी पागोटं काढून पुन्हा घातलं. तिसरी ओळ कुणी काढली, ते पुढं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईनं ते लुगडं धुतलं. एरवी ती धुणं मागच्या परसात वाळत घाली. ते लुगडं तिनं पुढच्या ओट्यावर, रस्त्याकडून दिसेल असं पसरलं. पदरावर दोन काळे फराटे होते, मिशांचे.

अंबूबाई घागर घेऊन जाताना थांबली. "डाग निघाला नाही का वं?"

"घासलाच नाही," मंजुळाबाई म्हणाली, आणि लुगड्याची एक घडी मोडून पदर आणखी जरा पुढे ओढला.